सहा रंगांच्या प्रिंटरवर कृष्णधवल: हिरवट झाक, काळवंडलेले चेहरे

प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे सहा रंगांचा टँक प्रिंटर आहे. वारीत काढलेले फोटो कृष्णधवल करून ए-फोर ग्लॉसी कागदावर छापता. पडद्यावर झकास दिसतात, कागदावर मात्र हिरवट आणि काळोखे उतरतात. ड्रायव्हरमध्ये 'ग्रेस्केल' निवडूनही समाधान नाही. तर नवा, महागातला प्रिंटर घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. हिरवटपणा आणि काळोख ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचा संबंध प्रिंटर, शाई, कागद आणि खोलीतल्या दिव्याशी आहे. दुसऱ्याचा प्रिंटरशी फारसा संबंधच नाही, आणि नवा प्रिंटर आणलात तरी ते तसंच राहील. दोन्हींवर एकदम उपाय करायला गेलात तर शाई आणि कागद संपतील आणि कशाने काय बदललं ते कळणार नाही.

आधी हिरवटपणा. एपसनचे एल८०५, एल१८००, एल८०५० या जातीच्या प्रिंटरांत काळी शाई एकच असते. बाकी पाच म्हणजे सायन, मजेंटा, पिवळी, फिकट सायन आणि फिकट मजेंटा. फिकट करडी छटा काढायला काळ्या शाईचे थेंब विरळ टाकले तर ते डोळ्यांना ठिपके म्हणून दिसतात. म्हणून फोटो कागदावर प्रिंटर उजळ आणि मधल्या छटांत काळ्या शाईला जवळजवळ हात लावत नाही. करडा तो फिकट सायन, फिकट मजेंटा आणि पिवळ्याच्या मिसळीतून काढतो, काळी येते ती गडद सावल्यांत. 'ग्रेस्केल' निवडलं म्हणजे फक्त काळी शाई वापरली जाईल असं अनेकांना वाटतं. फोटो कागद निवडलेला असताना बरेच ड्रायव्हर तेव्हाही रंगांतूनच करडा मिसळतात. विश्वास नसेल तर चांगलं भिंग घ्या आणि प्रिंटचा करडा भाग बघा, निळे-गुलाबी कण दिसतील.

रंगीत फोटोत मजेंटा किंचित कमी पडला तर साडीचा रंग जरासा बदलतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. करड्यात तेवढाच कमी पडला की सगळं चित्र हिरवं. म्हणून पहिलं काम नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तुंबली आहेत का ते दाखवणारं चाचणीचं पान. त्यातही फिकट मजेंटाच्या रेघा नीट बघा. ती ओळ फिकी असल्यामुळे तुटलेली रेघ पटकन दिसत नाही, खिडकीजवळ नेऊन तिरपी धरून बघावी लागते. दोन रेघा गायब असल्या तरी मधल्या छटा हिरवट होतात. उन्हाळ्यात, विशेषतः मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत, प्रिंटर आठवडाभर बंद राहिला की हे होतंच. एक साधं हेड क्लीनिंग करा, पुन्हा नोझल चेक काढा. सुधारणा नसेल तर क्लीनिंगवर क्लीनिंग मारत बसू नका. रात्रभर थांबून सकाळी पुन्हा बघा, वाळलेली शाई बऱ्याचदा आपोआप मऊ होते.

टाकीत शाई कोणती आहे, हेही विचारायला हवं. दुकानदाराने 'कंपॅटिबल' म्हणून दिलेली बाटली रंगीत लग्नाच्या फोटोंना चालून जाते. कृष्णधवलला ती त्रास देते, कारण ड्रायव्हरमधलं सगळं गणित मूळ शाईच्या रंगावर बसवलेलं असतं. त्या शाईसाठी वेगळं प्रोफाइल (कोणत्या आकड्याला कोणता रंग उतरतो याचा तक्ता) बनवलेलं असेल तर गोष्ट निराळी. नसेल तर मूळ शाईवर या, मग पुढचं बोलू.

आता एक परीक्षा करा. तोच प्रिंट दुपारी खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी बघा. नंतर घरातल्या पांढऱ्या एलईडीखाली आणि शेवटी पिवळ्या बल्बखाली. सगळीकडे सारखाच हिरवट दिसला तर दोष मिसळीत आहे आणि तो दुरुस्त होतो. एका दिव्याखाली हिरवट, दुसऱ्याखाली गुलाबी दिसला तर त्याला मेटामेरिझम म्हणतात: तीन-चार रंग मिसळून केलेला करडा प्रत्येक प्रकाशात वेगळा परावर्तित होतो. तो ड्रायव्हरमध्ये कितीही खटपट केली तरी पूर्ण जात नाही. स्वस्त एलईडी दिव्यांत लाल प्रकाश कमी असतो, त्यामुळे घरात हा फरक अधिकच उठून दिसतो. तिसराही प्रकार असतो. सावल्या हिरव्या आणि उजळ भाग गुलाबी, किंवा उलट. हा बहुतेक वेळा चुकीच्या कागद-सेटिंगचा किंवा चुकीच्या प्रोफाइलचा असतो.

कागद-सेटिंग म्हणजे ड्रायव्हरमधला 'मीडिया टाइप'. त्यावर किती शाई सोडायची ते ठरतं. बाजारातल्या बिननावाच्या १८० ग्रॅमच्या चकचकीत कागदावर 'प्रीमियम ग्लॉसी' निवडलं तर बऱ्याचदा त्याला न झेपणारी शाई पडते, सावल्या चिकट होतात. रंगव्यवस्थापन एकाच ठिकाणी ठेवा: एक तर फोटोशॉपला प्रोफाइल देऊन ड्रायव्हरमध्ये 'नो कलर ॲडजस्टमेंट', नाहीतर फोटोशॉपमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स'. दोन्हीकडे चालू ठेवलं की दुरुस्तीवर दुरुस्ती होते आणि चेहऱ्यांवर विचित्र मजेंटा चढतो. असे प्रिंट माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांतल्या बऱ्याच जणांत हेच निघतं.

हे सगळं नीट करूनही झाक उरली तर हाताने काढायची. रंगीत डार्करूममध्ये काम केलेल्यांना 'रिंग-अराउंड' आठवत असेल, तेच इथे करायचं. एका ए-फोर पानावर मध्यम करड्याचे छोटे चौकोन मांडा. मधला चौकोन १२८, १२८, १२८ (लाल, हिरवा, निळा; ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). त्याच्या भोवती लाल दोनने वर, हिरवा दोनने खाली, निळा दोनने खाली असे बदल, मग चार-चारचे. प्रत्येक चौकोनाखाली आकडे लिहा. पान छापा, सुकू द्या, आणि खिडकीजवळ नेऊन जो चौकोन शुद्ध करडा वाटेल तो निवडा. त्याचे आकडे कर्व्ह्ज लेयरमध्ये घालून ठेवा. प्रत्येक कागदासाठी हे वेगळं करावं लागतं.

आणि इथे माझा सल्ला पाठ्यपुस्तकी नाही. एकच काळी शाई असलेल्या प्रिंटरवर अगदी तटस्थ करड्याच्या मागे लागू नका. प्रिंट मुद्दाम किंचित उबदार ठेवा. मधल्या छटांत लाल तीन-चार अंकांनी वर आणि निळा पाच-सहा अंकांनी खाली, इथून सुरुवात करा. उबदार करडा दिव्यागणिक थोडा कमी-जास्त उबदार दिसतो, पण डोळा ते चालवून घेतो. तटस्थ करडा मात्र जरा सरकला की हिरवा दिसतो, आणि हिरवा चेहरा कोणीच माफ करत नाही. जुन्या घरातल्या भिंतींवरचे ब्रोमाइड फोटोही वयाने तपकिरी झालेले आहेत, त्यामुळे आपल्या नजरेला हा टोन ओळखीचाच आहे. सेपिया मात्र करू नका, ते लग्नाच्या अल्बमला सोडून द्या.

आता काळोख. लॅपटॉपचा पडदा दुकानातून येतो तेव्हा २५० ते ३०० निट (पडद्याच्या उजळपणाचं एकक) किंवा त्याहून जास्त उजळ असतो. प्रिंट बघताना कागदावर पडणारा प्रकाश त्याच्या तुलनेत किती तरी कमी. मग पडद्यावर ज्या सावल्या उघड्या दिसतात त्या कागदावर मिटलेल्याच असणार. छपाईचं काम करताना पडदा ८० ते १२० निटच्या दरम्यान असावा. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा, शेजारी छपाईचा कोरा कागद धरा, ज्या उजेडात प्रिंट बघणार तो दिवा लावा, आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत पडदा मंद करा. पहिल्यांदा पडदा फारच मंद वाटेल. अर्ध्या तासात डोळा सरावतो.

पण पडदा काहीही केलं तरी स्वतःच्या प्रकाशाने उजळतो, कागद नाही. तुमचा कागद किती काळा आणि किती पांढरा होतो ते कागदालाच विचारावं लागतं. त्यासाठी पायऱ्यांची पट्टी छापायची. या सगळ्या उत्तरातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

एक पट्टी शून्य ते २५५ अशी, २१ समान पायऱ्यांची. दुसरी फक्त गडद टोकाची: ०, ४, ८, १२ असं करत ४० पर्यंत. तिसरी उजळ टोकाची: २३० पासून दोन-दोनने २५४ पर्यंत, आणि शेजारी कोरा कागद. फोटो ज्या सेटिंगने छापणार नेमकं त्याच सेटिंगने छापा. डाय शाईचा (म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, तुमच्या टाकीतली तीच) प्रिंट निघता क्षणी खरा रंग दाखवत नाही; निदान तासभर थांबा, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी बघा. मग गडद पट्टीत बघायचं की शून्यापासून वेगळी ओळखू येणारी पहिली पायरी कोणती. चांगल्या लस्टर (अर्धवट चमकदार) कागदावर ती साधारण ८ ते १२ च्या आसपास असते. मॅटवर १६-२० पर्यंत सगळं एकाच काळ्यात बुडालेलं दिसू शकतं. म्हणजे तुमच्या फोटोत घोंगडीच्या घड्या ६ ते १४ च्या दरम्यान असतील तर पडद्यावर त्या दिसतील आणि मॅट कागदावर कधीच येणार नाहीत. दोष प्रिंटरचा नाही, त्या घड्या २० च्या वर उचलायला हव्यात. उजळ टोकाला तसंच: कोऱ्या कागदापासून वेगळी दिसणारी शेवटची पायरी २४८ असेल तर पांढऱ्या सदऱ्याचा पोत त्याच्या खाली आणा.

२१ पायऱ्यांची पट्टी मधल्या छटांसाठी. पायऱ्यांमधली उडी डोळ्याला सगळीकडे सारखी वाटली पाहिजे. ३० टक्क्यांच्या पुढे एकदम गडद होत गेली तर त्या भागात कर्व्ह उचला, पट्टी पुन्हा छापा. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर पट्टी स्कॅन करून आकडे वाचता येतात. स्कॅनरची सगळी स्वयंचलित दुरुस्ती मात्र बंद हवी. दोन-तीन फेऱ्यांत कागद हाताशी येतो. तो कर्व्ह त्या कागदाच्या नावाने साठवा. फोटोवर तो सर्वांत वरचा लेयर असेल, आणि फोटोचं खरं संपादन त्याच्या खाली. दोन्ही एकात मिसळू नका, नाहीतर कागद बदलला की सगळं पहिल्यापासून.

तुमच्या वारीच्या फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कृष्णधवल करतानाच अर्धा प्रिंट ठरलेला असतो. आषाढी वारी जून-जुलैमधली, आभाळ बहुतेक वेळा भरलेलं, प्रकाश सपाट. त्यात पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हात रापलेला चेहरा. कॅमेरा पांढऱ्याला सांभाळतो आणि चेहरा खाली जातो. मग लोक काय करतात, तर कृष्णधवल रूपांतरात नारिंगीचा स्लायडर वर नेतात. चेहरा उजळतो खरा, पण भगवी पताकाही त्याच नारिंगी-लालच्या पट्ट्यात बसते. ती पांढुरकी होऊन आभाळात विरघळते. पताका गडद ठेवायला नारिंगी खाली आणला की चेहरे काळवंडतात. हा तिढा स्लायडरने सुटत नाही. लाल थोडा खाली, नारिंगी मध्यम ठेवा, आणि चेहरे वेगळा मास्क करून उचला. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हात फिरवून 'डॉजिंग' करत, तेच. उचलायचं तेही थोडं. रापलेल्या चेहऱ्याची मधली छटा ९० ते ११५ च्या आसपास छान बसते. १४० वर नेलीत तर माणूस पावडर लावल्यासारखा दिसतो. कपाळावरचा बुक्का आणि भुवया वेगळ्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे तिथे तुमच्या कागदाच्या पहिल्या ओळखू येणाऱ्या पायरीच्या वर किमान दहा-पंधरा अंकांची जागा ठेवा. टोपीची शिवण २३५ ते २४५ मध्ये आली की पांढरा पांढरा दिसतो आणि कोराही पडत नाही.

धारदारपणाबद्दल एवढंच, की फाइल शेवटच्या मापाला आणून मग शार्पन करा. एपसनसाठी ३६० आणि कॅननसाठी ३०० पीपीआय (इंचाला इतके पिक्सेल) पुरेसं आहे. पडद्यावर १०० टक्क्यांवर किंचित जास्त वाटेल इतकं शार्पनिंग कागदावर बरोबर येतं. सपाट आभाळात पट्टे दिसत असतील तर संपादन १६ बिटमध्ये करा आणि शेवटी अगदी बारीक ग्रेन घाला.

कागद. डाय शाईच्या प्रिंटरला माझी पहिली पसंती लस्टर किंवा सॅटिन, रेझिन-कोटेड (प्लास्टिकचा थर असलेला), २५० ग्रॅमच्या पुढचा. चकचकीत ग्लॉसीवर काळा सर्वांत खोल उतरतो, पण ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की तो खोलपणा दिसतच नाही. शिवाय गडद भागावर कागद पुढे ढकलणाऱ्या दातेरी चाकांचे बारीक ठिपके उठतात. मॅटचं गणित निराळं. सुती मॅट कागदावर काळ्याची घनता (काळा किती गडद ते सांगणारा आकडा) साधारण १.६ ते १.७ मिळते, चांगल्या ग्लॉसी किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या) कागदावर पिगमेंट शाईने, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांच्या शाईने, २.२ च्या पुढे जाते. घनतेचा आकडा लॉगचा असल्यामुळे फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे: १.६ चा काळा जवळपास अडीच टक्के प्रकाश परत पाठवतो, २.२ चा एक टक्क्याहून कमी. तरीही काचेमागे लावलेला मॅट प्रिंट सुंदर दिसतो, फक्त फोटो त्याला मानवणारा हवा. पावसातली धुरकट दिंडी मॅटवर छान येते. रात्रीचं, मशालीच्या उजेडातलं कीर्तन तिथे मरतं.

हॅनेम्यूलेचा फोटो रॅग किंवा कॅन्सनचा बरायटा हे कागद उत्तम आहेत, पण एकाच काळ्या डाय शाईसाठी त्यांच्यावर पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. पिगमेंट शाईवर त्यांचं चीज होतं. सुती कागद वापरलातच तर छापण्याआधी मऊ ब्रशने झटका. पृष्ठभागावरचा तंतू छपाईनंतर गळून पडला की काळ्या भागात पांढरा ठिपका उरतो, आणि कृष्णधवलमध्ये तो लपत नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागद दमट होतो, कडा वळतात, शाई सुकायला दुप्पट वेळ लागतो. पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. फ्रेममध्ये घालण्याआधी प्रिंट निदान एक दिवस उघडा सुकू द्या, नाहीतर शाईतली द्रव्यं उडून काचेच्या आतून धुकं धरतात. डाय शाईचा प्रिंट उघडा टांगू नका, हवेतल्या ओझोनने तो फिकटतो. काचेमागे बराच जास्त टिकतो.

इतकं करून सहा महिने छापलंत आणि तरी मन भरलं नाही, तर मग प्रिंटर बदलायचा विचार करा. तेव्हा बघायचं एकच: करड्या शाया किती. एपसनने २००५ मध्ये अल्ट्राक्रोम के-थ्री शाई आणली. तिच्यात काळी, फिकट काळी आणि अति फिकट काळी अशा तीन पायऱ्या होत्या, आणि ड्रायव्हरमध्ये 'ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' हा वेगळा मार्ग होता. या मार्गाने छापताना करड्याचा मुख्य भार काळ्या कुटुंबावर पडतो आणि रंगीत शाया टोन देण्यापुरत्या येतात. मेटामेरिझम जवळजवळ नाहीसा होतो. आजच्या पी७०० आणि पी९०० मध्ये तोच मार्ग सुधारलेल्या रूपात आहे. त्यात फोटो ब्लॅक (चकचकीत कागदाची काळी) आणि मॅट ब्लॅक (मॅट कागदाची काळी) दोन्ही एकाच वेळी बसतात, जुन्यांसारखी अदलाबदलीत शाई वाया जात नाही. कॅननचा प्रो-३०० त्याच वर्गातला. एपसनच्या या मार्गात 'टोन' मात्र 'डार्कर' वर असेल तर एक पायरी उजळ करून पट्टी छापून बघा, मूळ सेटिंग आपल्या घरातल्या उजेडाला जड पडतं.

मधला पर्याय टँक प्रिंटरांतलाच आहे. एपसनचा एल८१८० आणि कॅननचे जी५७०, जी६७० यांच्यात करडी शाई वेगळी दिलेली आहे. डायच आहे, तेव्हा टिकाऊपणाचं वर म्हटलं ते लागू, पण मधल्या छटांतली हिरव्या-गुलाबीची चढाओढ बरीच कमी होते. रोज रंगीतही छापायचं असेल आणि खर्च आवरायचा असेल तर मी हाच घ्यायला सांगेन.

रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे छपाईचं सॉफ्टवेअर आणि जॉन कोन यांची पिझोग्राफी ही शायांची पद्धत हे त्यापुढचे रस्ते. पहिल्यात कोणती शाई कुठल्या छटेत किती पडावी हे तुम्ही ठरवता, दुसऱ्यात तर प्रिंटरच्या सगळ्या नळ्यांत कार्बनच्या वेगवेगळ्या फिकटपणाच्या शाया भरतात. निकाल अप्रतिम असतात. दोन्ही मुख्यतः एपसनच्या पिगमेंट प्रिंटरांभोवती फिरतात, तुमच्या सध्याच्या मशीनला ते लावायच्या फंदात पडू नका.

जुना पिगमेंट प्रिंटर स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी बोलावलं तर विक्रेत्याच्या घरी जाऊन, मशीन चालू करायला लावून, तुमच्यासमोर नोझल चेक काढायला सांगा. पेनड्राइव्हवर २१ पायऱ्यांची पट्टी नेलेली असू द्या, तीही ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइटमधून छापून घ्या. फिकट काळ्याची एक जरी रेघ तुटलेली दिसली आणि दोन क्लीनिंगनंतरही भरली नाही, तर हेड बदलायच्या खर्चात तुमचा सौदा बुडाला. चहा पिऊन परत या.